बत्तीस दातांची खातेवही



आपल्या व्यापारी घरांत मोजदादीचा संस्कार लहानपणापासून होतो. गोदामात हळदीचे कट्टे किती, तुरीचे किती, उधारी कोणाकडे थकली आणि किती महिन्यांची, हे दुकानात बसणाऱ्या मुलालाही सांगता येते. घरातील दागिन्यांचे वजन गृहिणीस गुंजेपर्यंत ठाऊक असते. मात्र त्याच घरात ‘तुमच्या तोंडात दात किती?’ असे विचारले तर उत्तर सवयीने ‘बत्तीस’ असे येते. आरशापुढे उभे राहून मोजावयास लागले की अनेकांची बेरीज अठ्ठावीस किंवा तीस भरते. तूट नेमकी कोणत्या दाताची आहे, तो दात कधी उगवलाच नाही की मागाहून काढावा लागला, हे सांगणारा विरळाच. प्रत्येक दाताला स्वतःचे नाव, स्थान आणि क्रमांक असतो. तो माहीत नसल्यामुळे घराघरांत, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत, भरून न येणारे नुकसान होते. म्हणून यावेळी नेहमीचे ठेव-व्याजाचे विषय बाजूला ठेवून ही वही उघडली आहे.

तोंडाचे चार भाग कल्पावेत: वरचा उजवा, वरचा डावा, खालचा डावा आणि खालचा उजवा. समोरच्या दोन दातांमधील फट ही मध्यरेषा. तेथून मागे मोजत गेले की प्रत्येक भागात आठ दात येतात. पहिले दोन पटाशीचे. सुताराच्या पटाशीसारखी सरळ धार असल्यामुळे हे नाव पडले आणि घास कापणे हे त्यांचे काम. तिसरा सुळा, एका टोकाचा, फाडण्यासाठी. चौथी आणि पाचवी उपदाढ. सहावी, सातवी, आठवी या दाढा. त्यांपैकी आठवी ती अक्कलदाढ. आठ चोक बत्तीस. दुधाच्या दातांत मात्र प्रत्येक भागात पाचच असतात: दोन पटाशीचे, एक सुळा आणि दोन दाढा. तेथे उपदाढ नसते. त्यांची बेरीज वीस. हा पाच आणि आठ यांमधील फरक ध्यानात ठेवावा. पुढील सारा हिशेब त्यावर उभा आहे.

बत्तीस ही संख्या आपल्याकडे जुनी आहे. चरकसंहितेत शरीरातील अस्थींची संख्या तीनशे साठ दिली आहे आणि त्या बेरजेत बत्तीस दात व दातांची बत्तीस उखळे, म्हणजे जबड्यातील खोबणी, स्वतंत्र धरली आहेत. आजचे शास्त्र दातांना हाडांत मोजत नाही, त्यामुळे प्रौढ माणसाची हाडे दोनशे सहा भरतात. दोन्ही बेरजा आपापल्या नियमाने बरोबर आहेत. कोणती रक्कम कोणत्या शीर्षकाखाली लिहावी, एवढाच वाद आहे.

येथे आपल्या वाचकांसाठी एक आनुषंगिक गोष्ट. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत ‘दंतवाणिज्य’ येते, हे पाठशाळेत आपण शिकलो आहोत. तेथे दंत म्हणजे मुख्यतः हस्तिदंत. मराठीत आपण हत्तीचे ‘सुळे’ म्हणतो, पण शरीररचनेच्या दृष्टीने ते सुळे नव्हेतच. हत्तीचा हा दात म्हणजे वरच्या जबड्यातील पटाशीचा दुसरा दात, जन्मभर वाढत जाणारा. रानडुकराचे बाहेर आलेले दात मात्र खरोखरीचे सुळे असतात. दाताची ओळख त्याच्या दिसण्यावरून न करता जबड्यातील जागेवरून करावी लागते, हे हत्तीच्या उदाहरणावरून सहज पटते.

दाताची घडण थोडक्यात सांगतो. हिरडीवर दिसतो तो मुकुट, हिरडीखाली हाडात रुतलेले ते मूळ आणि दोहोंच्या सांध्याशी मान. मुकुटावर इनॅमलचे कवच असते. शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ; वजनाने सुमारे शहाण्णव टक्के खनिज. त्याखाली पिवळसर डेंटिन आणि अगदी आत जिवंत गाभा, ज्यात नस व रक्तवाहिन्या असतात. मुळावर इनॅमल नसून सिमेंटम नावाचा पातळ थर असतो. इनॅमल घडविणाऱ्या पेशी दात उगवताच नाहीशा होतात. म्हणून हाड मोडले तर सांधते, त्वचा फाटली तर भरते, पण इनॅमलला पडलेले भोक शरीर कधीही बुजवीत नाही. या खात्यात जमा एकदाच होते, पुढे केवळ खर्च.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. साखऱ्यात आमच्या नात्यातील एका दुकानदार कुटुंबात आठ वर्षांचा मुलगा आहे. त्याच्या खालच्या डाव्या बाजूस मागच्या दाढेत काळी खाच दिसू लागली. गार पाणी लागले की तो गालावर हात धरी. आई म्हणाली, ‘‘आत्याबाई, याला दाखवून आणावं का?’’ सासूबाईंचे उत्तर असे: ‘‘अगं, दुधाची दाढ आहे ती. पडेल अन् नवीन येईल. एवढ्यासाठी हिंगोलीला कशाला हेलपाटा?’’ सासूबाई निष्काळजी मुळीच नाहीत. चार मुले व सात नातवंडे त्यांच्या हाताखाली वाढली. त्यांचा तर्कही वरवर सरळच होता: त्या दाढेच्या जागी आधीचा कोणताही दात पडलेला त्यांनी पाहिला नव्हता, अर्थात ही पहिलीच दाढ, अर्थात दुधाची.

तर्क सरळ, निष्कर्ष चुकीचा. कारण कायमच्या दातांपैकी पहिली दाढ, म्हणजे मध्यरेषेपासून सहावी, कोणत्याही दुधाच्या दाताची जागा घेत नाही. ती दुधाच्या पाच दातांच्या मागे मोकळ्या हिरडीतून गुपचूप वर येते. वय साधारण सहा ते सात वर्षे. त्या वेळी घरातील सर्वांचे लक्ष पुढच्या हलणाऱ्या दाताकडे असते. पुढचा दात पडला, तो कोठे टाकावयाचा, फटीतून जीभ कशी दिसते, यावर हसणे-खिदळणे चालू असते. मागे चार कोपऱ्यांत आयुष्यभराच्या चार दाढा दाखल झाल्या, याची नोंद कोणी घेत नाही. या दाढेच्या चघळण्याच्या पृष्ठभागावर खोल खाचा असतात, नुकत्या उगवलेल्या दाताचे इनॅमल पुरते पक्के झालेले नसते आणि मूल स्वतः नीट घासू शकत नाही. त्यामुळे कीड लागण्यात बहुधा हीच दाढ पहिली.

ओळखण्याची युक्ती सोपी आहे. मुलाला उजेडात बसवून समोरच्या मध्यरेषेपासून एका बाजूचे दात मोजावेत. पहिल्या पाच जागांवर दुधाचे दात किंवा त्यांच्या जागी आलेले नवे दात असू शकतात. सहाव्या जागेवर जे काही आहे ते दुधाचे असूच शकत नाही, कारण दुधाच्या खात्यात सहावे पानच नाही. मध्ये एखादा दात पडून फट असेल तर ती फटही एक जागा म्हणून मोजावी. सहावी जागा, सहावे वर्ष: एवढे पाठ असले तरी पुरे.

त्या मुलाला अखेर हिंगोलीस नेले. कीड गाभ्यापर्यंत पोहोचली होती. या दाढेची मुळे उगवल्यानंतर आणखी दोन-तीन वर्षे वाढत असतात व त्यांची टोके नऊ-दहाव्या वर्षाच्या सुमारास मिटतात. आठव्या वर्षी टोके उघडी असल्यामुळे मोठ्या माणसाचे करतात तसे सरळ रूट कॅनाल करता आले नाही. टप्प्याटप्प्याने उपचार करावा लागला, पाच-सहा खेपा झाल्या. दाढ राहिली. सहा महिने आधी छोटी खाच सिमेंटने भरून एका खेपेत काम झाले असते.

कोणी विचारील, बत्तिसांतील एक गेली तर बिघडले काय? ही दाढ संपूर्ण रचनेचा खांब आहे. वरची व खालची सहावी दाढ एकमेकींत कशी बसते, यावरून दंतवैद्य जबड्यांचा मेळ तपासतात. अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये वाकड्या दातांचे जे वर्गीकरण मांडले ते याच दाढेवर आधारलेले असून आजही शिकविले जाते. ती काढून जागा तशीच ठेवली तर मागची दाढ पुढे कलते, समोरच्या जबड्यातील जोडीदार आधार नसल्याने लांबतो, फटीत अन्न अडकते आणि शेजारच्या दातांना कीड लागते.

दात उगवण्याचा क्रम इतका ठरलेला असतो की जन्मनोंदी नसलेल्या काळात त्यावरून वय ठरवीत. इंग्लंडमध्ये १८३३ च्या कायद्याने कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी झाली. पण मूल नऊ वर्षांचे आहे की सातचे, हे कसे ठरवावे? पालक व मालक दोघेही वय वाढवून सांगत. एडविन साँडर्स या दंतवैद्याने कितीतरी मुलांचे दात तपासले आणि उंचीपेक्षा दात हा वयाचा अधिक भरवशाचा पुरावा आहे, असे १८३७ मध्ये पुस्तिकेद्वारे मांडले. क्रम साधारण असा: सहा ते आठ वर्षांत पहिली दाढ व मधले पटाशीचे दात, सात ते नऊमध्ये त्यांच्या शेजारचे पटाशीचे, नऊ-दहाला खालचे सुळे, दहा ते बारा दरम्यान उपदाढा व वरचे सुळे, अकरा ते तेरामध्ये सातवी दाढ आणि सतरानंतर, आली तर, अक्कलदाढ. ‘आली तर’ असे मुद्दाम म्हटले. अनेकांना ती येतच नाही किंवा हाडात आडवी अडकून बसते. त्यामुळे कोणाची बेरीज अठ्ठावीस भरली तर त्याने घाबरण्याचे कारण नाही.

आता क्रमांकाविषयी. दंतवैद्याच्या चिठ्ठीवर ‘३६’ असे लिहिलेले पाहून आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी मला विचारले होते, ‘‘अहो, दात बत्तीस आणि हा छत्तिसावा आला कोठून?’’ शंका रास्त होती. हा आकडा छत्तीस असा वाचावयाचा नसून ‘तीन-सहा’ असा वाचावयाचा असतो. पहिला अंक भागाचा, दुसरा अंक मध्यरेषेपासूनच्या जागेचा. वरचा उजवा भाग १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. तेव्हा तीन-सहा म्हणजे खालच्या डाव्या बाजूची सहावी दाढ. साखऱ्याच्या त्या मुलाची दाढ नेमकी हीच. दुधाच्या दातांसाठी याच क्रमाने भागांना ५, ६, ७, ८ हे अंक दिले आहेत. म्हणून ७५ म्हणजे खालच्या डाव्या बाजूची दुधाची शेवटची दाढ. ही द्विअंकी पद्धत दंतवैद्यांच्या जागतिक संघटनेने १९७० च्या सुमारास स्वीकारली. बँकेतील खातेक्रमांकात आधी शाखा आणि मग खाते असते, तशीच ही योजना आहे. मला ती पहिल्या वाचनातच आवडली.

आपल्याकडील अनेक दंतवैद्य याहूनही जुनी खूण वापरतात. अधिकचे चिन्ह काढावयाचे आणि त्याच्या चारपैकी एका कोपऱ्यात १ ते ८ पैकी अंक लिहावयाचा. ही युक्ती व्हिएन्नाच्या झिगमोंडी यांनी १८६१ मध्ये सुचविली. येथे एक घोटाळा संभवतो. चिठ्ठीवर डावीकडे लिहिलेला अंक रुग्णाच्या उजव्या बाजूचा असतो, कारण वैद्य समोरून पाहतो. आपल्या पासबुकातील जमा ही बँकेच्या लेखी देणे असते. पाहणारा बदलला की बाजू बदलते. व्यापाऱ्यास हे समजावून सांगावे लागू नये.

खरा धोका मात्र परदेशी कागदांत आहे. आज आपल्या बहुतेक घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत आहे. तेथील उपचार महाग पडतात, म्हणून ती मंडळी तपासणीचा कागद घेऊन सुटीत इकडे येतात व उपचार येथे उरकतात. अमेरिकेत दातांना १ ते ३२ असे सलग क्रमांक देतात. वरच्या उजव्या अक्कलदाढेपासून आरंभ, वरच्या डाव्या अक्कलदाढेस १६, तिच्या खाली १७ आणि मग उलट फिरून खालच्या उजव्या अक्कलदाढेस ३२. आता समजा, त्या कागदावर ‘१८ चे रूट कॅनाल’ असे लिहिले आहे. अमेरिकेच्या पद्धतीने ती खालच्या डाव्या बाजूची सातवी दाढ. आपल्या द्विअंकी पद्धतीने एक-आठ म्हणजे वरच्या उजव्या बाजूची अक्कलदाढ. तिरपे विरुद्ध टोक! ‘१६’ चेही तसेच: तिकडे डाव्या बाजूची अक्कलदाढ, इकडे उजव्या बाजूची मौल्यवान सहावी दाढ. जाणता दंतवैद्य एक्स-रे पाहून फसणार नाही, हे खरे. तरीही दूरध्वनीवर केवळ आकडा कळवू नये. ‘खालची, डावी, मागून दुसरी’ असे शब्दांत सांगावे. धनादेशावर रक्कम अंकांबरोबर अक्षरांतही लिहावी लागते, त्यामागील शहाणपण हेच आहे.

एक सुटा दात हाती आला तर तो कोणता, हे ओळखण्याचीही रीत आहे. दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी, मुंबईच्या १९३३ पासूनच्या नायर दंत महाविद्यालयातील असोत की आपल्या मराठवाड्यातील शासकीय दंत महाविद्यालयातील, मेणाच्या ठोकळ्यांतून दात कोरून ही ओळख हाताला शिकवितात. परीक्षेत टेबलावर दात ठेवलेला असतो आणि उत्तर ठरावीक क्रमाने द्यावयाचे असते: दुधाचा की कायमचा, कोणत्या प्रकारचा, वरचा की खालचा, उजवा की डावा.

दुधाचा दात लहान, अधिक पांढरा, मानेशी आवळलेला. दुधाच्या दाढेची मुळे बाहेरच्या बाजूस फाकलेली, कारण त्यांच्या पोटात पुढच्या उपदाढेची कळी वाढत असते. पटाशीच्या दातांत वरचा मधला सर्वांत रुंद आणि खालचा मधला साऱ्या कायमच्या दातांत लहान. वरच्या सुळ्याचे मूळ सर्वांत लांब. म्हातारपणी इतर दात गेल्यावरही सुळा टिकून राहतो, त्याचे हेही एक कारण. उपदाढांना बहुधा एकच मूळ, परंतु वरच्या पहिल्या उपदाढेस बहुधा दोन असतात. खालच्या पहिल्या उपदाढेचा जिभेकडील उंचवटा इतका छोटा असतो की ती सुळ्याची धाकटी बहीण वाटते. दाढांत वरच्या दाढेला तीन मुळे: दोन गालाकडे, एक टाळूकडे. खालच्या दाढेला दोन: एक पुढे, एक मागे. खालच्या सहाव्या दाढेवर पाच उंचवटे, सातवीवर चार व मध्ये अधिकच्या चिन्हासारखी खाच. वरच्या सहाव्या दाढेवर चार मुख्य उंचवटे असून अनेकांत टाळूच्या बाजूस पाचवे लहानसे टेंगूळ असते. व्हिएन्नाच्या काराबेली यांनी त्याचे वर्णन केले व त्यांचेच नाव त्यास मिळाले.

डावे-उजवे ओळखणे सर्वांत मौजेचे. पटाशीच्या दाताचा मध्यरेषेकडील कोपरा काटकोनाजवळचा असतो, पलीकडचा कोपरा गोलाई घेतो. मुळाचे टोक बहुधा मागच्या दिशेस झुकते. दाढेच्या बाबतीत गालाची बाजू कोणती आणि पुढची बाजू कोणती, ही दोन पदे निश्चित झाली की तिसरे आपोआप निघते. त्रैराशिकापेक्षा अवघड नाही.

हा केवळ परीक्षेचा खेळ नव्हे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले, डॉ. हसमुख सांकलिया, डॉ. मधुकर ढवळीकर आणि डॉ. अन्सारी यांची नावे त्याच्याशी जोडलेली आहेत. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या या शेतकरी वस्तीत मृत बालकांना घराच्या जमिनीखाली पुरीत. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवीत आणि त्यात ते बाळ. कोवळी हाडे मातीत विरून जातात, दात टिकतात. जॉन ल्यूकाक्स व पुण्याचे डॉ. सुभाष वाळिंबे यांनी तेथील मानवी अवशेषांचा सविस्तर अभ्यास केला. कोणता दात उगवला होता, कोणत्या कळीचा मुकुट घडत होता, यावरून बाळाचे वय कळते. दुधाच्या सुळ्यांवरील इनॅमलमध्ये राहिलेल्या खड्ड्यांची पाहणी करून त्यांनी तान्हेपणीच्या कुपोषणाचा व आजाराचा माग घेतला आणि बदलते हवामान व अन्न यांच्याशी त्याची सांगड घातली. इनॅमल एकदा घडले की पुन्हा बदलत नाही, म्हणून तीन हजार वर्षांपूर्वीच्या अवर्षणातील ती नोंद पुसली गेली नाही. आपली सहावी दाढही बाळाच्या जन्माच्या सुमारासच हाडात घडू लागते. सहाव्या वर्षी ती केवळ दर्शन देते. गरोदर व बाळंत स्त्रीचे पोषण आणि मुलाची पहिली दोन-तीन वर्षे यांचा संबंध त्या दाढेशी असा आहे.

दुधाचा की कायमचा, या प्रश्नाचे उत्तर काही मिनिटांत द्यावे लागेल, असाही एक प्रसंग येतो. मूल सायकलवरून पडते आणि पुढचा दात मुळासकट बाहेर येतो. दुधाचा असेल तर तो परत बसवू नये. खालच्या कळीला इजा होते. कायमचा असेल, आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा वरचा मधला दात कायमचाच असण्याचा संभव अधिक, तर तो पुन्हा रुजू शकतो. त्यास मुकुटाकडून धरावे, मूळ खरवडू किंवा घासू नये, माती लागली असल्यास क्षणभर हलकेच धुवावे आणि शक्य असेल तर तेथल्या तेथे खोबणीत बसवावे. ते न जमल्यास थंड दुधात ठेवून दंतवैद्याकडे धाव घ्यावी. कोरड्या रुमालात गुंडाळून नेऊ नये. मुळावरील पेशी सुकून मरतात. पहिला तास मोलाचा. साखऱ्यासारख्या गावातून निघणाऱ्यास तो वाटेतच संपू शकतो, म्हणून दुधाचा पेला आधी, गाडीची किल्ली नंतर.

शेवटी आपल्या आचारधर्माशी निगडित एक शंका, जी पाठशाळेतील एका मुलीने विचारली होती. दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत अदंतधावन आहे. मग आम्हाला दात घासावयास का सांगता? तिला उत्तर दिले ते येथे लिहितो. ते व्रत मुनींचे आहे, श्रावकाचे नव्हे. शिवाय मुनिमहाराज दिवसातून एकदा, उभ्याने, करपात्रात आहार घेतात. दाताला कीड लागते ती तोंडातील जंतू साखरेचे आम्ल करतात म्हणून. आणि साखर एकूण किती खाल्ली यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ली, यास अधिक महत्त्व आहे. एकदाच आहार घेणाऱ्याच्या तोंडात हे आम्ल एकदाच तयार होते. गल्ल्यावर बसून दर तासाला गोड चहा आणि बिस्किट घेणारा गृहस्थ दिवसभर दात आम्लात भिजवीत ठेवतो. त्याने मुनींच्या केवळ एका मूलगुणाचा दाखला घेणे हा सोयीचा हिशेब झाला.

चौविहार पाळणाऱ्यांना मात्र एक नैसर्गिक लाभ आहे. सूर्यास्तानंतर तोंडात काहीच जात नाही. झोपेत लाळ कमी होते व लाळ हीच दातांची रखवालदार, म्हणून रात्री स्वच्छ तोंडाने झोपणे सर्वांत महत्त्वाचे. ज्यांचा पाण्याचाही त्याग असतो त्यांनी सूर्यास्तापूर्वी, शेवटच्या घासानंतर थोड्या वेळाने दात घासून घ्यावेत. मुलांनाही तीच वेळ लावावी. दिवाळीत निर्वाण लाडू आणि पर्वात बत्ताशांचा प्रसाद असतोच. तो जेवणासोबत द्यावा, दिवसभर खिशात ठेवून चघळू देऊ नये.

ज्यांच्या घरी पाच ते आठ वर्षांची मुले आहेत त्यांनी हा अंक खाली ठेवताच उजेडात मुलाचे दात मोजावेत. सहावी दाढ वर आलेली असून निकोप असेल तर दंतवैद्याकडून तिच्या खाचा लेपाने बंद करून घेता येतात. त्यास टोचणे, कोरणे काही लागत नाही. चार दाढांचे काम एका बैठकीत होते. मोजलेला हिशेब मुलाच्या लसीकरणाच्या कार्डामागे तारखेसह लिहून ठेवावा: १६, २६, ३६, ४६, आणि प्रत्येकापुढे ‘आली’, ‘नाही’ किंवा ‘खाच’.

नामनिर्देशन आणि वारसा यांतील फरकाविषयी आलेल्या वाचकांच्या पत्रांना पुढील अंकी उत्तरे देईन.